मेंदूच्या घड्या संगणकावर पाडायच्या? आधी एक पट्टी घ्या

माझी सगळी नोकरी रबर दाबण्यात गेली. गाडीच्या सस्पेन्शनमधले बुश, दारांची सीलं, स्टिअरिंगवरचे घडीदार बूट हे भाग साच्यातून निघायच्या आधी संगणकावर दाबायचे, पिळायचे आणि कुठे फाटतील ते सांगायचं. पुण्याच्या कारखान्यांत या कामाला सीएई म्हणतात. निवृत्तीनंतर इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी विचारायला येतात. त्यातली बरीचजणं एकच विषय आणतात: गर्भातल्या बाळाच्या मेंदूला घड्या कशा पडतात याचं मॉडेल. विषय झकास आहे, रबरवाल्या माणसाला तर आयताच. पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला अख्खा त्रिमितीय मेंदू हवा असतो, गुलाबी रंगाचा, स्क्रीनवर गोल फिरणारा. मी त्यांच्या हातात एक आयताकृती पट्टी देते. त्या पट्टीचं काय करायचं ते इथे लिहिते. फायनाइट एलिमेंटची, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) करून त्यांच्या कोपऱ्यांच्या बिंदूंवर (नोडवर) हिशेब करण्याच्या पद्धतीची, तोंडओळख तुम्हाला आहे असं धरून चालले आहे.

आधी मेंदू बघा

विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या मेंदूचा पृष्ठभाग जवळपास गुळगुळीत असतो. बाजूला सिल्व्हियन फटीचा खळगा आणि आतल्या अंगाला एकदोन खाचा, एवढंच. चोविसाव्या आठवड्यापर्यंत मधली मोठी खाच, सेंट्रल सल्कस, ओळखू यायला लागते. शेवटच्या तीन महिन्यांत घड्यांची गर्दी उडते आणि जन्माच्या वेळी मुख्य खाचा आपापल्या जागी असतात. मोठ्या माणसात बाहेरचं करडं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, सरासरी अडीच मिलिमीटर जाड असतं आणि त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो.

या घड्या का पडतात यावर जुनी भांडणं आहेत. १९७५ मध्ये रिचमन आणि सहकाऱ्यांनी यांत्रिक मॉडेल मांडलं. बाहेरचा थर आतल्यापेक्षा जास्त वाढतो आणि जागा न मिळाल्यामुळे वाकतो, ही त्यातली कल्पना आजही टिकून आहे. अडचण एकच होती. हिशेब जुळवायला कॉर्टेक्स आतल्या भागापेक्षा जवळजवळ दहापट कडक धरावा लागत होता, आणि मोजमापांत तर दोन्ही भागांचा मऊपणा एकाच पातळीचा निघतो. १९९७ मध्ये व्हॅन एसेन यांनी म्हटलं की मज्जातंतूंचे धागे ताणून दोन भिंती जवळ ओढतात, म्हणून उंचवटे तयार होतात. मग २०१० मध्ये सेंट लुइसच्या गटाने फेरेट या प्राण्याचे कोवळे मेंदू घेतले. फेरेटचं पिल्लू गुळगुळीत मेंदू घेऊन जन्मतं आणि घड्या नंतर पडतात, त्यामुळे या कामाला ते फार सोयीचं. त्या मेंदूंना चिरा देऊन पाहिल्यावर धाग्यांत ताण सापडला, पण तो उंचवट्याच्या दोन भिंती एकमेकींकडे ओढणारा नव्हता. २०१४ आणि २०१६ मध्ये फिनलंडचे तुओमास टालिनेन आणि हार्वर्डचे एल. महादेवन (आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी) यांनी दाखवलं की दोन्ही थर सारखेच मऊ असले तरी फक्त वरच्या थराची आडवी वाढ पुरते. २०१६ मध्ये त्यांनी बावीस आठवड्यांच्या गर्भाच्या एमआरआयवरून साचा करून जेलचा मेंदू ओतला, त्यावर जेलचाच पातळ थर चढवला आणि तो द्रावकात बुडवला. बाहेरचा थर फुगला आणि खऱ्या मेंदूसारख्या खाचा पडल्या.

तुमच्या प्रोजेक्टसाठी हेच गृहीतक घ्या. सगळी गृहीतकं एकाच मॉडेलमध्ये कोंबू नका. उत्तर आलं तरी ते कुणामुळे आलं हे सांगता येणार नाही.

संगणक बंद ठेवून करायचा हिशेब

दूध तापवून गार केलं की वर साय धरते. कडेने चमच्याने हलकेच सरकवा. पातळ सायीला बारीक सुरकुत्या पडतात, जाड सायीला रुंद. विषयाचा गाभा एवढाच आहे. याचं सूत्र अभियांत्रिकीत फार जुनं आहे. मऊ पायावर चिकटलेला थर दाबला तर

सुरकुतीची लांबी (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर) = ६.२८ × थराची जाडी × घनमूळ (कडकपणाचं गुणोत्तर ÷ ३)

गुणोत्तर म्हणजे थर पायापेक्षा किती पट कडक. दहापट धरलं तर लांबी जाडीच्या ९.४ पट येते, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या कॉर्टेक्सला २३ मिलिमीटर. एकास एक धरलं तर ४.४ पट, म्हणजे ११ मिलिमीटर. शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या कापावर पट्टी ठेवून उंचवट्याची रुंदी मोजा आणि दोहोंपैकी कोणता आकडा जवळचा वाटतो ते बघा. हे सूत्र मुळात कडक थर आणि थोडं आकुंचन यांसाठी आहे. एकास एकला ते ताणून लावलेलं आहे, म्हणून त्यातून फक्त अंदाज घ्यायचा.

तरी त्यातली एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहा. कडकपणा घनमुळाच्या आत आहे आणि जाडी बाहेर. कडकपणा दुप्पट केला तर लांबी फक्त २६ टक्के वाढते, जाडी दुप्पट केली तर लांबी दुप्पट. मुलं मटेरियलच्या आकड्यांवर महिनोन्महिने घालवतात, कोणत्या पेपरमधले किलोपास्कल घ्यायचे यावर गाइडशी वाद घालतात, आणि कॉर्टेक्सची जाडी मात्र डोळे झाकून एका आकड्यावर ठेवतात. वेळ द्यायचा तो जाडीला द्या.

दुसरा हिशेब थर कधी मोडेल याचा. इथे रबरवाल्यांची पुण्याई कामाला येते. मऊ रबराचा ठोकळा दाबला की एका क्षणी त्याच्या पृष्ठभागावर अचानक धारदार चीर पडल्यासारखी घडी येते. मॉरिस बायो या शास्त्रज्ञाच्या १९६३ च्या गणिताप्रमाणे ती ४६ टक्के आकुंचनाला यायला हवी. जेंट आणि चो यांनी १९९९ मध्ये प्रत्यक्ष ठोकळे वाकवून पाहिले, तर ती ३५ टक्क्यांच्या आसपासच आली. मेंदूच्या खाचा अशाच आहेत: वर गोल उंचवटा, खाली टोकदार फट. त्यामुळे वाढ १.५ पट होईपर्यंत, म्हणजे थर त्याच्या वाढलेल्या लांबीच्या दोन तृतीयांशात कोंबला जाईपर्यंत, तुमची पट्टी सपाट दिसली तर सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका.

पट्टी

कॉर्टेक्सची जाडी १ धरा. मिलिमीटर नंतर लावता येतात. पट्टीची रुंदी ३०, खोली निदान १०. खोली कमी ठेवली तर खालच्या कडेचा धक्का वरपर्यंत पोचतो आणि घड्या उथळ येतात. दोन्ही बाजूंना रोलर, म्हणजे बाजूला सरकायचं नाही पण वरखाली मोकळं. खालची कड वरखाली बांधलेली. वरचा पृष्ठभाग पूर्ण मोकळा.

दोन्ही थरांना निओ-हुकियन, म्हणजे रबरासाठीचं साधं, मटेरियल द्या आणि कडकपणा सारखाच ठेवा. इथे कुणीतरी म्हणणारच, मेंदू तर पाण्यासारखा, दबतच नाही, मग पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर बाजूला किती फुगतं त्याचं माप, अजिबात न दबणाऱ्याला ०.५) ०.४९९९ नको का? पहिल्या फेरीत नको. साध्या त्रिकोणी किंवा चतुष्फलकी एलिमेंटला ते झेपत नाही. मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, कुलूप लावल्यासारखी कडक होते आणि घड्याच पडत नाहीत. टालिनेन यांच्या मॉडेलमध्येही बल्क मॉड्युलस (सगळीकडून दाबायला होणारा विरोध) शिअर मॉड्युलसच्या (आकार तिरका करायला होणाऱ्या विरोधाच्या) फक्त पाचपट आहे, म्हणजे पॉयसन गुणोत्तर साधारण ०.४१, आणि शिवाय दाब नोडवर सरासरी काढून घेतलेला आहे. तुम्ही ०.४५ घ्या. पुढे जायचं असेल तर मिक्स्ड फॉर्म्युलेशन (दाब वेगळा अज्ञात धरून सोडवण्याची पद्धत) शिका, मग ०.४९ बद्दल बोलू.

आता वाढ. एकूण विकृतीचे दोन भाग करायचे: आधी वाढ, मग तिला सामावून घेण्यासाठी झालेलं लवचीक दबणं. ताण फक्त दुसऱ्या भागातून येतो. वाढ आडव्या दिशेलाच द्या, जाडीच्या दिशेला एक ठेवा. वाढ कॉर्टेक्सच्या सीमेवर सुरीने कापल्यासारखी थांबवू नका. वर पूर्ण, सीमेवर निम्मी, खाली शून्य असा गुळगुळीत एस-आकाराचा उतार द्या. फेनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये हे चार ओळींत लिहिता येतं आणि फेबायो या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही लोकांनी असं काम केलेलं आहे. कॉलेजात फक्त गाड्यांसाठीचं व्यावसायिक पॅकेज असेल तर आमची जुनी युक्ती वापरा: वाढ म्हणजे तापमानाने होणारं प्रसरण समजा. कॉर्टेक्सच्या नोडना तापमान द्या, ते हळूहळू वाढवा. एक सावधगिरी हवी. काही पॅकेज रबरासारख्या मटेरियलला सगळ्या दिशांना सारखंच प्रसरण देतात. मग थर जाडीतही फुगतो.

आडवीच वाढ दिली तरी थर जाड होतोच, कारण बाजूला जागा नसलेलं मटेरियल वर सरकतं. म्हणून घडीच्या लांबीची तुलना सुरुवातीच्या १ या जाडीशी न करता घडी पडण्याच्या लगेच आधी पट्टीवर मोजलेल्या जाडीशी करा. ही बारकाई प्रोजेक्टच्या अहवालांत क्वचितच दिसते.

मेश: कॉर्टेक्सच्या जाडीत निदान दहा एलिमेंट. रुंदी ३०, खोली १० ला तीस हजार चौकोन होतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. खाली मेश जाड केली तरी चालेल.

पृष्ठभागाचा स्वतःशीच कॉन्टॅक्ट चालू करा. तो नसेल तर खाचेच्या दोन भिंती एकमेकींतून आरपार जातील आणि चित्र लांबून बरंच मेंदूसारखं दिसेल! जवळ जाऊन बघा म्हणजे कळेल.

आणि थोडी खोड घाला. अगदी सरळ पट्टी, अगदी नियमित मेश असेल तर पट्टीला वाकायला निमित्तच मिळत नाही. ती दुप्पट वाढीलाही मख्खपणे सपाट राहू शकते. वरच्या नोडना जाडीच्या हजाराव्या भागाएवढं यादृच्छिक वरखाली करा आणि तो यादृच्छिक आकड्यांचा सीड (सुरुवातीचा आकडा) लिहून ठेवा.

सॉल्व्हर रुसतो तेव्हा

घडी पडायच्या क्षणी इम्प्लिसिट सॉल्व्हर, म्हणजे प्रत्येक पायरीवर समतोल शोधणारा, हमखास अडतो. पायरी अर्धी, पाव, अष्टमांश करत बसतो आणि शेवटी राम म्हणतो. पट्टी एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उडी मारते, तिथे न्यूटनच्या पद्धतीला धरायला काही मिळत नाही. थोडं कृत्रिम डॅम्पिंग घालून बघा. नाहीतर सरळ एक्स्प्लिसिट, म्हणजे समतोल न शोधता वेळेच्या बारीक पायऱ्यांनी पुढे जाणारा, वापरा. टालिनेन यांनीही तेच केलं.

एक्स्प्लिसिटमध्ये वेळेची पायरी ध्वनीच्या वेगाने बांधलेली असते. खऱ्या मेंदूत ध्वनी सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास जातो आणि घडी पडायला आठवडे लागतात. खरे आकडे घातलेत तर तुमची नातवंडं निकाल बघतील. आपल्याला हालचालीच्या जडत्वाशी देणंघेणं नाही, तेव्हा घनता आणि वेळ सोयीची घ्या, पण एक आलेख रोज काढा: गतिज ऊर्जा आणि आंतरिक ऊर्जा. गतिज ऊर्जा आंतरिक ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. घडी पडताना क्षणभर उसळी येईल, ती लगेच बसली तर ठीक. सतत वर राहिली तर तुम्ही वाढ फार घाईने देताय आणि स्क्रीनवर दिसतंय ते घडी पडणं नसून थरथरणं आहे.

नेगेटिव्ह जेकोबियनची (एलिमेंट उलटं झाल्याची) एरर आली तर ती बहुतेक खाचेच्या टोकाशी असते. तिथे मेश बारीक करा, उताराची धार थोडी सौम्य करा. सगळीकडे मेश बारीक करून लॅपटॉप तापवू नका.

पडलेली घडी मोजा

निकाल दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमध्ये रंगीत चित्र आलं की मुलं स्टेटसला टाकतात. टाका, हरकत नाही. मग बसून तीन गोष्टी तपासा.

मेश निम्मी करा. खाचांमधलं अंतर तेच राहिलं तर बरं. अंतरही निम्मं झालं तर त्या घड्या मेंदूच्या नाहीत, तुमच्या एलिमेंटच्या आहेत. सारख्या मऊपणाच्या थरांत हा धोका खरा आहे, कारण पृष्ठभागावरच्या धारदार घडीला स्वतःचं माप नसतं. ती सापडेल तिथे, सापडेल तेवढी बारीक सुरू होते.

सीड बदला. खाचांच्या जागा बदलतील, बदलल्याच पाहिजेत. अंतर बदलता कामा नये. पट्टीची रुंदीही ३० ऐवजी ३३ करून बघा, कारण दोन भिंतींमध्ये ठरावीकच घड्या बसतात आणि रुंदी त्यांना थोडं दाबून-ताणून घेते.

मग जाडी दुप्पट. अंतर दुप्पट झालं? इथे माझ्याकडची मुलं पहिल्यांदा गप्प बसतात, कारण आतापर्यंतची आकडेमोड एकदम आजार होते. लिसेनसेफली या जन्मजात दोषात, एलआयएस१ किंवा डबलकॉर्टिन या जनुकांतल्या बिघाडामुळे चेतापेशी आपल्या जागी पोचत नाहीत. कॉर्टेक्स सेंटिमीटरभर किंवा त्याहून जाड होतो आणि मेंदू गुळगुळीत किंवा मोजक्या रुंद घड्यांचा राहतो. आपल्या ढोबळ सूत्रात १० मिलिमीटर घाला: ४४ मिलिमीटरची घडी. उलट पॉलीमायक्रोजायरिया या दुसऱ्या दोषात खूप, बारीक, दाटीवाटीच्या घड्या दिसतात. स्टॅनफर्डच्या एलेन कूल यांच्या गटाने २०१४ मध्ये जाडी, कडकपणा आणि वाढ बदलून असे दोष मॉडेलमधून काढून दाखवले. पण जाडी हेच आजाराचं कारण आहे असं अहवालात लिहू नका. पेशींचं स्थलांतर बिघडलं की जाडीबरोबर वाढीचा वेग, थरांची रचना, सगळंच बदलतं. मॉडेल एवढंच म्हणतं की जाडी एवढी असेल तर घडी एवढी रुंद पडणं यंत्रशास्त्राला धरून आहे.

घडीचं एकच माप द्यायचं असेल तर जायरिफिकेशन इंडेक्स द्या. कापलेल्या चकतीवर कॉर्टेक्सची पूर्ण रेषा, खाचांच्या आतबाहेर जाऊन, मोजायची आणि बाहेरून दोरी ताणून बांधल्यासारख्या रेषेने भागायचं. झिलेस आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये माणसासाठी सरासरी २.५५ काढला होता. आपल्या पट्टीत वरच्या रेषेच्या लांबीला पट्टीच्या रुंदीने भागलं की झालं. तुमचा आकडा २.५५ पर्यंत पोचायची शक्यता कमी आहे, कारण मेंदू दोन दिशांना घडी घालतो आणि पट्टी एकाच.

आता मेंदू घ्या

पट्टीच्या तपासण्या पार पडल्या असतील तर त्रिमितीय आकाराकडे जा. इथे नवीन यांत्रिकी फारशी नाही, कष्ट आहेत. बावीस आठवड्यांच्या आसपासचा आकार हवा, कारण तेव्हा मेंदूला ओळख आहे पण घड्या नाहीत. बोस्टनच्या संशोधकांनी ८१ गर्भांच्या एमआरआयवरून २०१७ मध्ये केलेला अॅटलास एकविसाव्या आठवड्यापासून आठवड्यागणिक सरासरी मेंदू देतो. लंडन आणि ऑक्सफर्डच्या डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टचा डेटा नोंदणी करून मिळतो. जाडीसाठी मात्र एमआरआयवर फार विसंबू नका. त्या वयात कॉर्टिकल प्लेट, म्हणजे गर्भातला कोवळा कॉर्टेक्स, इतकी पातळ असते की स्कॅनचे ठोकळेच मोठे पडतात. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने २०२४ च्या शेवटी खुला केलेला ‘धरणी’ अॅटलास उघडा. १४ ते २४ आठवड्यांच्या पाच गर्भमेंदूंचे ५,१३२ काप, पेशी दिसतील एवढ्या बारकाईने. कॉर्टिकल प्लेट कुठे संपते आणि तिच्याखालचा सबप्लेट कुठे सुरू होतो ते डोळ्यांनी बघून मग जाडी ठरवा.

ओळखीच्या रेडिओलॉजिस्टकडे पेनड्राइव्ह घेऊन गर्भाचे स्कॅन मागायला जाऊ नका. एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे. गर्भाच्या प्रतिमा हातोहात फिरवणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. खुला डेटा भरपूर आहे.

आयटीके-स्नॅपमध्ये सीमा आखा, पृष्ठभाग घासून गुळगुळीत करा, जीमेश किंवा नेटजेनमध्ये चतुष्फलक भरा. दहा लाखांच्या घरात एलिमेंट होतील. सुरुवातीला एकच गोलार्ध घ्या. टालिनेन यांचा सी प्लस प्लस कोड खुला आहे, आणि फ्रान्समधल्या गटाने त्याच धर्तीवर पायथनमध्ये ब्रेनग्रोथ लिहिलं आहे. पायथनवाला वाचायला सोपा. तो घेऊन त्यात आधी आपली पट्टी चालवा आणि उत्तर जुळतं का बघा, मगच मेंदू घाला. ‘आडवी दिशा’ इथे प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती जवळच्या पृष्ठभागाच्या लंबावरून काढावी लागते. मेंदूच्या तळाशी आणि खळग्यांत हा लंब हमखास वेडावाकडा येतो, तेव्हा तो आधी बाणांनी काढून बघा.

पट्टीत जे काम आपल्या यादृच्छिक खोडीने केलं ते इथे मेंदूचा मूळ आकार करतो. २०१६ च्या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच: वाढ सगळीकडे सारखी दिली तरी मुख्य खाचांची दिशा बरीचशी बरोबर येते, कारण कुठे वक्रता किती यावर दाब कोणत्या दिशेला जास्त हे ठरतं. तेव्हा तुलना करताना तुमच्या मॉडेलमधल्या आणि अॅटलासमधल्या पहिल्या मोठ्या खाचा शेजारी ठेवा, सेंट्रल सल्कस आणि सुपिरिअर टेम्पोरल सल्कस पुरेत. बारीक घड्या जुळवत बसू नका. जुळ्या भावंडांच्याही त्या जुळत नाहीत. मोठी खाच चुकीच्या दिशेला गेली तर आधी पृष्ठभाग किती घासलात ते तपासा. गुळगुळीत करण्याच्या नादात मूळचे खळगे पुसले गेलेले असतात. तिथे सगळं ठीक असेल तर त्या भागात वाढ इतरांपेक्षा कमीजास्त देऊन बघा, पण तो बदल मागून केला आहे आणि का केला आहे, हे अहवालात त्याच पानावर लिहा.